तुम्ही नसताना ठरणारी ऑर्डर: कॉर्पोरेट सेल्सचं काम नेमकं काय असतं

कॅम्पसमधून सेल्सची नोकरी लागली असं मुलाने किंवा मुलीने घरी सांगितलं की मराठी घरात अजून पहिला प्रश्न येतो, "म्हणजे फिरतीची?" आणि दुसरा, "तुला एवढं बोलता कुठे येतं?" आईवडिलांची काळजी खरी असते. पण या प्रश्नांमागे जे चित्र असतं ते दारोदार फिरून वस्तू खपवणाऱ्या माणसाचं. कॉर्पोरेट सेल्सचं काम त्याहून बरंच वेगळं आहे. ते नीट उलगडून सांगणारं मराठीत फारसं कुणी भेटत नाही, म्हणून मी प्रयत्न करतो.

एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला काही विकणं म्हणजे कॉर्पोरेट सेल्स. मशिन, सॉफ्टवेअर, कच्चा माल, विमा, कॅन्टीनचं कंत्राट, काहीही. मी औद्योगिक मशिनरीच्या लाइनीत आहे, तेव्हा उदाहरण तिथलंच घेऊ. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. त्याला ७५ किलोवॅटचा एअर कॉम्प्रेसर विकायचा आहे. हवा दाबून पाइपलाइनमधून अख्ख्या शॉप फ्लोअरला पुरवणारं हे यंत्र. हाताची टूल्स, सिलिंडर, पेंट शॉप, सगळं त्या हवेवर चालतं. हवा गेली की लाइन थांबते.

घेणारा एक माणूस नसतो

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचे पैसे त्याचे, पसंती त्याची आणि वस्तू वापरणारही तोच. कारखान्यात या तीन गोष्टी तीन ठिकाणी असतात, कधी सहा ठिकाणी. कॉम्प्रेसर चालवणार युटिलिटीचा इंजिनिअर. तो बंद पडला तर रात्री अडीचला फोन जाणार मेंटेनन्स मॅनेजरला, म्हणून त्याला फक्त भरवशाची सर्व्हिस हवी. प्रॉडक्शनवाल्याला प्रेशर पडायला नको. पर्चेसवाल्याचं मूल्यमापन होतं ते त्याने किती भाव पाडला यावर. पैशांचे व्यवहार बघणारा कमर्शियलवाला अॅडव्हान्स द्यायला राजी नसतो. प्लँट हेडची सही चालते, पण ठरावीक रकमेपर्यंतच. त्यावरची फाइल हेड ऑफिसला जाते आणि तिथल्या माणसाने हा कारखाना पाहिलेला असेलच असं नाही.

कागदांचा प्रवासही ठरलेला असतो. आधी डिपार्टमेंटने मागणी टाकायची, मग पर्चेसने तीन व्हेंडरना, म्हणजे पुरवठादारांना, इन्क्वायरी पाठवायची. टेक्निकल चर्चा होतात, ऑफर सुधारून जातात. मग पर्चेसवाला कॉम्पॅरेटिव्ह काढतो, म्हणजे तिघांचे भाव, अटी, डिलिव्हरी एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडतो. मग निगोशिएशन, कॅपेक्सची, म्हणजे भांडवली खर्चाची, मंजुरी आणि सगळं जुळलं तर पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ. व्हेंडर नवा असेल तर व्हेंडर कोड उघडण्यातच काही आठवडे जातात. एवढ्या मोठ्या मशिनच्या ऑर्डरला इन्क्वायरीपासून पीओपर्यंत सहा महिने लागले तर कुणाला नवल वाटत नाही.

आता या सगळ्यात सेल्सवाला नेमका कुठे असतो? बहुतेक वेळ गेटबाहेर. ऑर्डर तुमच्यासमोर ठरत नाही. ती ठरते प्लँट हेडच्या केबिनमध्ये, बजेटच्या मीटिंगमध्ये, हेड ऑफिसच्या कॉलवर, आणि यांपैकी एकाही ठिकाणी तुम्हाला खुर्ची नसते. तिथे तुमच्या वतीने बोलणारा असतो तो त्यांचाच एक माणूस, आमच्या उदाहरणात मेंटेनन्स मॅनेजर. त्याच्या हातात तुम्ही काय दिलं आहे यावर तुमची ऑर्डर अवलंबून. हे ज्याला समजलं त्याला हे काम समजलं असं मी मानतो. "बोलता येतं का" हा प्रश्न इथे फार मागे पडतो. तुम्ही कितीही छान बोललात तरी तुमचं बोलणं त्या केबिनमध्ये जात नाही. जातो तो एक कागद आणि तो वाचून दाखवणारा माणूस.

नव्वदच्या दशकात पीटीसी या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीत 'मेडिक' नावाची पद्धत तयार झाली. आज जगभरच्या सेल्स टीम ती वापरतात, आणि या कंपनीचं मोठं ऑफिस आपल्या पुण्यातही आहे. सहा गोष्टी तपासायच्या: ग्राहकाचा फायदा आकड्यांत किती, पैशाची अंतिम मंजुरी कुणाची, निवडीचे निकष कोणते, निर्णय कोणत्या टप्प्यांतून जाणार, त्यांचं खरं दुखणं काय, आणि आत आपली बाजू मांडणारा माणूस आहे का. सहापैकी एकही प्रश्न सेल्सवाल्याच्या वक्तृत्वाबद्दल नाही. सगळे समोरच्या कंपनीबद्दल आहेत.

एक कागद कसा तयार होतो

मघाच्या कॉम्प्रेसरकडे परत येऊ. तुमच्या मशिनची किंमत २० लाख, स्पर्धकाची १७ लाख, असं धरा. कॉम्पॅरेटिव्हमध्ये तुम्ही सरळ हरलेले दिसता. अनुभव नसलेला सेल्सवाला इथे बॉसला फोन लावतो आणि डिस्काउंट मागतो. अनुभवी माणूस मेंटेनन्स मॅनेजरला विचारतो, "सर, आठवडाभर तुमच्या जुन्या कॉम्प्रेसरवर डेटा लॉगर लावू का?"

लॉगर म्हणजे करंटची नोंद ठेवणारं छोटं उपकरण. आठवड्यानंतर त्याचा आलेख उघडला की कारखान्याची सगळी दिनचर्या समोर येते. पहिल्या शिफ्टला हवेची मागणी भरपूर, जेवणाच्या सुट्टीत खाली, तिसऱ्या शिफ्टला निम्म्यावर. जुनं मशिन एकाच वेगाने फिरणारं. मागणी कमी झाली की ते हवा देणं थांबवतं, पण मोटर फिरतच राहते. त्या रिकाम्या फिरण्यातही ते पूर्ण लोडच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज खातं. म्हणजे रात्रभर कारखाना काहीही न बनवणाऱ्या मोटरचं बिल भरतो.

आता हिशेब मांडा. ७५ किलोवॅट, वर्षाला ६,००० तास, म्हणजे साडेचार लाख युनिट. उद्योगाची वीज ९ रुपये युनिट धरली तर वर्षाचं बिल सुमारे ४० लाख. मशिनच्या किमतीच्या दुप्पट, आणि तेही दरवर्षी! मागणीप्रमाणे वेग कमीजास्त करणाऱ्या तुमच्या मशिनने यातले १० टक्के वाचवले तरी ४ लाख होतात. किमतीतला ३ लाखांचा फरक नऊ महिन्यांत भरून निघतो.

लॉगर लावायला गेलात की पाइपलाइनही बघून घ्यायची. रविवारी, उत्पादन बंद पण लाइनीत हवा असताना, शॉपमध्ये उभं राहून कान दिला की गळतीचा फुस्स आवाज येतो. सात बारच्या लाइनीत तीन मिलिमीटरचं एक भोक असेल तर त्यातून गळणारी हवा भरून काढायला साधारण तीन किलोवॅट वीज जाते. वर्षाचे दीड लाख रुपये, एका भोकातून. हे तुम्ही मेंटेनन्स मॅनेजरला दाखवलंत, त्याने फिटिंग बदलून घेतलं, तर त्यात तुमची एका पैशाची विक्री झालेली नाही. पण आता तो तुमचा फोन उचलतो.

मग हा सगळा हिशेब एका पानावर आणायचा. हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तुमच्या कंपनीच्या लोगोचं रंगीत ब्रोशर त्या केबिनमध्ये कुणी उघडत नाही. त्यांच्या कॅपेक्स नोटचा जो नमुना असेल, त्याच रकान्यांत, त्यांच्याच विजेच्या बिलातला दर घालून, त्यांच्याच मशिनच्या नोंदी घेऊन कागद तयार करायचा, की मेंटेनन्स मॅनेजरने फक्त आपलं नाव घालून पुढे पाठवावा. हेड ऑफिसने विचारायचे चार प्रश्न आधीच ओळखून त्यांची उत्तरं त्यात हवीत. त्या बिचाऱ्याला दिवसभर ब्रेकडाउनमधून मान वर काढायला फुरसत नसते. त्याच्या डोक्यावरचं ओझं तुम्ही उचललं तर तो मीटिंगमध्ये ठामपणे बोलू शकतो.

आणि इतकं करूनही कित्येक ऑर्डरी हातच्या जातात. बऱ्याचदा स्पर्धकाकडेही जात नाहीत, नुसत्या थांबतात. "बजेट पुढे ढकललंय," "नवीन प्लँट हेड आलेत, त्यांना वेळ द्या," "पुढच्या वर्षी बघू." कुणी नकार देत नाही, फक्त फोन उचलणं कमी होतं. नव्या मुलांना नकारापेक्षा ही शांतता जास्त खचवते, कारण नकार आला तर माणूस पुढच्या कामाला लागतो.

टार्गेटचं गणित

विक्रीसाठी भूभाग, म्हणजे टेरिटरी, वाटून देणं आणि प्रत्येकाला कोटा, म्हणजे टार्गेट, ठरवणं ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅश रजिस्टर बनवणाऱ्या एनसीआर कंपनीत जॉन पॅटरसन यांनी रुजवली. तिथेच घडलेले थॉमस वॉटसन १९१४ मध्ये ज्या कंपनीत गेले तीच १९२४ मध्ये आयबीएम झाली, आणि कोटा पूर्ण करणाऱ्यांचा तिथला 'हंड्रेड पर्सेंट क्लब' गाजला. आज चाकणचा कुठलाही सेल्स इंजिनिअर ज्या टेरिटरी आणि टार्गेटच्या चौकटीत काम करतो ती तिथून आलेली आहे.

वर्षाचं टार्गेट ६ कोटी असेल आणि चार ऑफरांतली एक ऑर्डर होत असेल, तर हातात २४ कोटींच्या खऱ्या इन्क्वायरी हव्यात. यालाच फनेल म्हणतात. शिवाय प्रत्येक ऑर्डरला सहा महिने लागणार. म्हणजे मार्चमध्ये जे पीओ हवेत ते सप्टेंबरात पेरलेले हवेत. जानेवारीत जागं होऊन काही उपयोग नसतो, आणि तरी दर जानेवारीला अर्धी टीम धावपळ करताना दिसते.

सोमवारी रिव्ह्यू असतो. मॅनेजर विचारतो, "या महिन्यात कमिट काय?" कमिट म्हणजे नक्की येणार असं तुम्ही छातीठोक सांगता तो आकडा. त्यावर कारखान्याचं उत्पादन, माल मागवणं, सगळं ठरतं, म्हणून तो फुगवून सांगणं म्हणजे स्वतःच्याच लोकांना अडचणीत टाकणं. पण कमी सांगितला तर तासभर बोलणी खावी लागतात. या दडपणाखाली खरा आकडा सांगायची हिंमत ठेवणं हे मला ग्राहकासमोर बोलण्यापेक्षा जास्त अवघड वाटतं.

पगारही याच आकड्याला बांधलेला असतो. ऑफर लेटरवर १० लाख लिहिलेले असले तरी त्यात ७ लाख पक्के आणि ३ लाख व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट गाठण्यावर मिळणारे, असू शकतात. पुष्कळ ठिकाणी टार्गेटच्या ८० टक्क्यांखाली राहिलात तर व्हेरिएबल मुळीच मिळत नाही. ७५ टक्के म्हणजे वर्षभर मान मोडून केलेलं काम, पण खात्यात ७ लाखच. गृहकर्जाचा हप्ता ठरवताना हा पक्का आकडा धरावा, पूर्ण आकडा कधीच धरू नये. आणि १ एप्रिलला पाटी कोरी होते. ३१ मार्चला टीमचा हिरो असलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी शून्यावर असतो.

ग्राहकालाही मार्च एंडिंग चांगलं ठाऊक असतं. तयार असलेला पीओ तो शेवटच्या आठवड्यापर्यंत दाबून ठेवतो आणि मग म्हणतो, "अजून पाच टक्के करा, आज रिलीज करतो." पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण १०० रुपयांच्या विक्रीत कंपनीचं मार्जिन २० रुपये असेल तर पाच रुपये सोडणं म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा सोडणं. तेवढाच नफा परत मिळवायला एक तृतीयांश जास्त माल विकावा लागेल. तरुण सेल्सवाल्यांना हे गणित पहिल्याच आठवड्यात शिकवलं पाहिजे. ते फार कमी ठिकाणी शिकवलं जातं.

पीओ आला म्हणजे झालं?

बाहेरच्यांना वाटतं ऑर्डर मिळाली की काम संपलं. खरं तर इथून वसुली सुरू होते. पर्चेसवाला भाव कमी होत नाही म्हटल्यावर क्रेडिट मागतो: "३० चे ९० दिवस करा." पैशाचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर वाढलेले ६० दिवस म्हणजे सरळ २ टक्के डिस्काउंट, फक्त तो तक्त्यात दिसत नाही.

त्यात जीएसटी. २० लाखांच्या मशिनवर १८ टक्क्यांनी ३ लाख ६० हजारांचा कर लागतो. नेहमीच्या मासिक पद्धतीत तो विक्रेत्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. ग्राहक मात्र त्या कराचं क्रेडिट घेऊन, म्हणजे तो स्वतःच्या जीएसटीतून वजा करून, मोकळा होतो. त्याने १८० दिवसांत विक्रेत्याचे पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट त्याला व्याजासकट परत करावं लागतं, हा नियम आहे. आऊटस्टँडिंगचा, म्हणजे थकलेल्या पैशांचा, फोन करताना कमर्शियलवाल्याला याची आठवण करून द्यावी, नम्रपणे.

तुमची कंपनी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर आणखी एक आधार आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने अशा पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराच्या नियमांनीही त्याला जोड दिली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. त्यामुळे मार्चमध्ये उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी, नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादारांची बिलं शोधून काढली जाऊ लागली. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपकडून विकणाऱ्याने उद्यम प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच बिलाला लावावी.

सरकारी खरेदी हे वेगळं जग आहे. २०१६ पासून 'जेम' हे सरकारी खरेदीचं पोर्टल आहे, टेंडर आहेत, आणि सगळ्यात कमी भाववाला 'एल-वन' म्हणजे देव. तिथे टेक्निकल अटी लिहिल्या जाण्याआधी तुम्ही पोचला नसाल तर पुढे फारसं काही करता येत नाही.

एका गोष्टीवर स्पष्ट बोलायला हवं. कधीतरी, कुठेतरी, समोरचा माणूस आवाज खाली आणून म्हणतो, "आमचंही काही बघा." पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलामुलींचे हात थंड पडतात. समोरचा सरकारी किंवा सार्वजनिक कंपनीतला असेल तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारा आणि त्याची कंपनी, दोघेही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात अडकू शकतात. खासगी कंपनीत कायद्याची भीती कमी असेल, पण ज्याने एकदा दिलं त्याला दर ऑर्डरला द्यावं लागतं, आणि ते पैसे आणायचे कुठून हा प्रश्न शेवटी त्याच्याच गळ्यात येतो. "सर, कंपनीची पॉलिसी नाही, पण सर्व्हिसमध्ये तुम्हाला कधी अडू देणार नाही," एवढं म्हणून त्याच दिवशी मॅनेजरला कळवायचं. एखादी ऑर्डर जाईल. जाऊ द्यावी.

मग दिवस कसा जातो?

फिरती आहेच. सकाळी आठला पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गर्दीत अडकणं, सेफ्टी शूज गाडीच्या डिकीत, गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर, गेट पाससाठी अर्धा तास. अपॉइंटमेंट अकराची आणि भेट दीडला. गेटवरच्या सिक्युरिटीशी मराठी, पर्चेसमध्ये हिंदी, संध्याकाळी घरी येऊन मेल इंग्रजीत. आता मुलीही या लाइनीत मोठ्या संख्येने येत आहेत आणि उत्तम काम करत आहेत. पण कित्येक जुन्या कारखान्यांत व्हिजिटर बायकांसाठी गेटजवळ धड स्वच्छतागृह नसतं. दिवसाला तीन कारखाने करणाऱ्या मुलीला पाणी मोजून प्यावं लागतं, ही शरमेची गोष्ट आहे. तिच्या मॅनेजरने तरी टूर आखताना याचा विचार करावा.

"मराठी माणसाला सेल्स जमत नाही" हे वाक्य मी खूप ऐकलं आहे आणि मला ते साफ चुकीचं वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि तरी तो विकला गेला. मी पाहिलेले चांगले सेल्सवाले बरेचसे कमी बोलणारे आहेत. ते डायरीत लिहून घेतात, सांगितलेल्या दिवशी फोन करतात आणि सर्व्हिसची तक्रार आली तर विक्रीच्या आधी तिच्यामागे लागतात. ज्याला मशिन कळतं, हिशेब येतो आणि दुसऱ्याचं दुखणं ऐकून घ्यायचा धीर आहे, त्याने या कामाला घाबरू नये. ज्याला दर महिन्याला निकाल लागल्याशिवाय चैन पडत नाही त्याने मात्र विचार करावा, कारण इथे कष्ट आणि फळ यांच्यात दोन-दोन तिमाह्यांचं अंतर पडतं.

ऑफर हातात असेल तर सही करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. गेल्या वर्षी टीममधल्या किती जणांचं टार्गेट पूर्ण झालं? व्हेरिएबल पीओ आल्यावर मिळतं, माल डिस्पॅच झाल्यावर, की ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर? वर्षाच्या मधे टेरिटरी बदलली तर चालू इन्क्वायरी कुणाच्या नावावर राहतात? पेट्रोल आणि राहण्याचा खर्च किती दिवसांत परत मिळतो? आणि ही टेरिटरी आधी कोण बघत होतं, तो का गेला, त्याच्या काळातलं जुनं आऊटस्टँडिंग वसूल करणं तुमच्या टार्गेटमध्ये धरलं आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा.